सर, माझा आवाज येतोय का?

जून २०२०. शाळा मार्चपासून बंद होत्या आणि नवं वर्ष फोनवरच सुरू झालं होतं. माझी भाची तेव्हा सातवीत. घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली टॉवेलचे माग, वर राहायच्या दोन खोल्या आणि त्यावर पत्रा. एका सकाळी तिचा फोन आला, "मामा, मला सरांचं सगळं नीट ऐकू येतं. पण मी बोलले की सरांना काहीच कळत नाही. सर म्हणतात, तुझा आवाज तुटतोय, नंतर मेसेज कर."

मी नेटवर्कच्या कामातला माणूस. कॉलेजं, दवाखाने, कारखाने यांच्यासाठी केबल कुठून न्यायची, खांब कुठे उभा करायचा, कुठला डबा कुठे बसवायचा हे ठरवण्यात माझी वीस वर्षं गेली. तरीही पहिला विचार कुणालाही सुचेल तोच सुचला: नेट स्लो असेल. घरी जाऊन तपासलं, तर खाली उतरणारा वेग नऊ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला नऊ मेगाबिट होता. तिच्या तासाला एक एमबीपीएस पुरला असता. मग वर चढणारा वेग बघितला आणि गप्प झालो. काटा ०.१ च्या आसपास घुटमळत होता, मधूनच शून्यावर बसत होता.

तिची शंका अपूर्णांकांची होती. मेसेज करून ती विचारायची कशी? नेमकं काय अडलंय हे नीट लिहिता आलं असतं, तर निम्मी शंका तिथेच फिटली असती. वर्गात मूल अर्धवट वाक्य बोलतं, सर "म्हणजे असं का?" विचारतात, मूल "नाही, ते नाही" म्हणतं, आणि या देवाणघेवाणीत शंका सापडते. त्या दिवशी ती सापडली नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडचं बहुतेक नेटवर्क बघण्यासाठी आखलेलं आहे. सिनेमा, मॅच, रील्स हे सगळं वरून खाली येतं. शिकण्यात मात्र विचारणंही असतं आणि ते खालून वर जातं. शिक्षणासाठी नेटवर्क आखायचं, तर सुरुवात सरांच्या कॅमेऱ्यापासून करून चालत नाही, सगळ्यांत लांबच्या घरात बसलेल्या मुलाच्या आवाजापासून करावी लागते. हे कसं करतात, ते तांत्रिक शब्दांना न घाबरता समजून घेऊ.

आवाजाला जागा किती लागते?

इंटरनेटवरून आवाज सलग धारेसारखा जात नाही. ॲप त्याचे बारीक तुकडे करतं. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालून त्यावर पत्ता लिहिला जातो आणि पाकीट रवाना होतं. पलीकडे ती ओळीने उघडून आवाज पुन्हा जोडतात.

या सगळ्याला ६० ते ८० केबीपीएस पुरतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). चित्राचं गणित वेगळं. सरांचा चेहरा स्वच्छ दिसायचा तर साधारण ६०० केबीपीएस, आणखी ठळक हवा तर एक एमबीपीएसच्या वर. म्हणजे चित्र आवाजाच्या आठ-दहापट जड. गणिताचा तास नुसता ऐकूनही बराचसा कळतो. आवाज नसलेला नुसता चेहरा बघून काहीच कळत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी नेटवर्क अडलं की दोन्ही एकदम अडखळतात, कारण आवाज आणि चित्र एकाच रांगेत उभे असतात. याकडे नंतर येतो.

आवाजाची खरी गरज वेगळीच आहे. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा ज्यांनी बघितल्यात त्यांना हे लगेच कळेल. ठिबकला पाणी थोडंच लागतं, पण ते थेंबथेंब चालू राहिलं पाहिजे. पाटाच्या पाण्याचं तसं नाही; ते धो धो सोडलं, मध्ये तासभर बंद झालं, पुन्हा सोडलं, तरी रान भिजतं. आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाटाच्या पाण्यासारखा असतो. फोन पुढचा भाग आधीच ओढून ठेवतो, त्यामुळे मध्ये अर्धा मिनिट नेट गेलं तरी पत्ता लागत नाही. जिवंत संवाद म्हणजे ठिबक. भाची काय बोलणार आहे ते आधी ओढून ठेवता येत नाही, कारण ती ते अजून बोललेलीच नसते.

म्हणून संवादाला वेगाइतकंच, खरं तर वेगापेक्षा जास्त, वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका तोंडापासून दुसऱ्या कानापर्यंतचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बोलणं सहज वाटतं. ४०० च्या पुढे गेला की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात, मग "तू बोल, तू बोल" सुरू होतं. लाजरं मूल अशा वेळी दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

हा उशीर येतो कुठून? लोकांना वाटतं अंतरामुळे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सोलापूरहून मुंबई साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला दोन मिलिसेकंद पुरे. उरलेला बराचसा उशीर रांगांमधला असतो: टॉवरपाशी पाळी येण्याची रांग, घरच्या राऊटरमधली रांग, सर्व्हरवरची रांग. रांग कधी लांबते, कधी आखडते, त्यामुळे एका ठेक्यात निघालेली पाकिटं विस्कळीत होऊन पोहोचतात. यालाच जिटर म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ॲप पाकिटांचा छोटा साठा करून मग वाजवतं. साठा मोठा ठेवला तर आवाज गुळगुळीत होतो पण उशीर वाढतो. लहान ठेवला तर आवाज वेळेवर येतो पण खरखरतो. दर क्षणाला हा तोल साधत राहणं हे चांगल्या ॲपचं काम.

आणि पाकीट हरवलंच तर? आमच्या भागातलं उदाहरण देतो. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कामगार धागा लावतो, मग खटखट पुन्हा सुरू. कापड बिनचूक येतं, पण वेळ जातो. इंटरनेटवर फाइल पाठवण्याची पद्धत अशीच आहे, तिला टीसीपी म्हणतात. एक पाकीट हरवलं की ते परत मागवायचं आणि ते येईपर्यंत पुढचं अडवून ठेवायचं. गृहपाठाची फाइल याच पद्धतीने यावी, कारण तिथे एक आकडाही गळता कामा नये. बोलण्याला मात्र ही पद्धत मारक ठरते. तिथे यूडीपी नावाची दुसरी पद्धत वापरतात: धागा सुटला तर सुटू दे, माग थांबवू नकोस. वीस मिलिसेकंदांची एक फट आजूबाजूच्या आवाजावरून ॲप भरून काढतं आणि कानाला ती कळतही नाही. सलग दहा धागे गेले, तर मात्र कापडाला भोक दिसणारच.

टॉवर मोठ्याने बोलतो, फोन कुजबुजतो

आता भाचीच्या घराकडे परत येऊ. खाली येणारा वेग नऊ आणि वर जाणारा जवळजवळ शून्य, असं का?

टॉवरवरचा एक रेडिओ वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. तुमच्या हातातला फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. शंभरपटीचा फरक. फोनची बॅटरी छोटी, तो शरीराजवळ राहणार, त्याला मर्यादा असणारच. ही तफावत भरून काढायला टॉवरचे कान तिखट केलेले असतात, अँटेना उंचावर असतात, म्हणून एरवी काम चालतं. पण तुम्ही टॉवरपासून लांब असाल, मध्ये चार इमारती असतील, डोक्यावर पत्रा असेल, तर आधी कुजबुज संपते आणि मोठा आवाज येत राहतो. फोनवर दोन-तीन दांड्या दिसत असतात, कारण त्या दांड्या टॉवरचा आवाज तुम्हाला किती ऐकू येतो एवढंच सांगतात. तुमचा आवाज टॉवरला किती ऐकू जातो, ते त्या सांगत नाहीत. हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

पत्रा हा सोलापूरकरांसाठी खास मुद्दा. रेडिओ लहरी धातूतून आरपार जात नाहीत. त्या खिडकी-दारातून वळसा घालून येतात. पत्र्याच्या खोलीत मधोमध बसलेलं मूल आणि उंबऱ्यावर बसलेलं मूल यांच्या वर जाणाऱ्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. भाचीला मी त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी बसवलं, तेव्हा ०.१ चे ०.८ झाले. तिथे मागांची खटखट होती, ती वेगळी अडचण. मायक्रोफोन जवळ असलेल्या वायरच्या इअरफोनने ती बरीच निभावली.

लहरींच्या जातीतही फरक असतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतींना फारशा जुमानत नाहीत, पण त्यांच्यात जागा कमी. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर ५जीचा मोठा वेग मिळतो, पण त्या भिंतीपाशी थकतात. करमाळ्याच्या एखाद्या वस्तीवरच्या मुलाला मोठ्या वेगापेक्षा आधी लांब पोहोचणाऱ्या लहरीची गरज आहे. आखणी करणाऱ्याने हा निर्णय जाणूनबुजून घ्यावा लागतो, नाहीतर गर्दीच्या आणि पैशाच्या बाजूने तो आपोआप घेतला जातो.

आणखी एक वाटणी आपल्याला दिसत नाही. काही बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, बोलायला आणि ऐकायला एकच वाट असते. टॉवर वेळ वाटून देतो, काही क्षण खाली येणाऱ्यांना, काही क्षण वर जाणाऱ्यांना. लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून मोठा वाटा खाली येणाऱ्यांना ठेवलेला असतो. एरवी ते बरोबरच आहे. पण सकाळी आठ ते बारा गावातली शंभर मुलं आणि दहा शिक्षक एकाच वेळी बोलू पाहतात, तेव्हा तीच वाटणी आड येते.

पाणी सुटल्यावर

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. दोन-चार दिवसांआड येतं, आणि सुटलं की सगळी आळी एकदम नळ उघडते. लाइनच्या सुरुवातीच्या घरात हौद भरून वाहतो आणि शेवटच्या घरात करंगळीएवढी धार. नळ तोच, पाइप तोच. सगळ्यांना एकाच वेळी हवंय, एवढीच अडचण.

दूरसंचारात याला गर्दीचा तास म्हणतात आणि त्याचं शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये यावर पहिला निबंध लिहिला. शंभर घरांना फोन दिले, तरी शंभरही एकाच क्षणी बोलत नाहीत. मग किती लाइन टाकल्या म्हणजे बहुतेकांना बहुतेक वेळा लाइन मोकळी मिळेल? आजही रहदारी मोजण्याच्या एककाला एर्लांगचंच नाव आहे. सगळं मोबाइल जाळं याच भरवशावर उभं आहे: सगळे एकदम येणार नाहीत.

शाळा नेमका हा भरवसा मोडते. वेळापत्रकाचा अर्थच असा की सगळ्यांनी एकदम यायचं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फोन लागत नाही, तो अनुभव बहुतेकांना आहे. आषाढीला पंढरपुरात गर्दी होते, तेव्हा चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. ऑनलाइन शाळा म्हणजे गावोगाव रोज सकाळी भरणारी छोटी यात्रा, आणि तिच्यासाठी कुणी टॉवर आणून उभा करत नाही.

गणित करून बघू. समजा टॉवरच्या एका बाजूची ताकद खाली येणाऱ्या दिशेने ४० एमबीपीएस आहे आणि त्या बाजूला शंभर मुलांचे तास एकाच वेळी चालू आहेत. प्रत्येकाला ६०० केबीपीएसचं चित्र दिलं, तर ६० एमबीपीएस लागतात. मावत नाही, आणि जे कडेला आहेत ते आधी गळतात. फक्त आवाज दिला तर ८ एमबीपीएस. आरामात मावतो, वर ३२ उरतात, त्यात फळ्यावरच्या मजकुराचं स्थिर चित्र सगळ्यांना पाठवता येतं. एक पाऊल पुढे जाऊन पाचवी-सहावीचा तास आठला आणि सातवी-आठवीचा नऊला ठेवला, तर निम्मा भार तसाच हलका होतो. त्यासाठी नवा टॉवर लागत नाही, शाळांनी एकमेकींशी बोलावं लागतं. नेटवर्कच्या आखणीत वेळापत्रक येतं हे मुख्याध्यापकांना सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं, पण माझ्या मते ते सगळ्यांत स्वस्त साधन आहे.

मार्च २०२० मध्ये देशातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवर ४८०पीच्या वर चित्र न देण्याचं काही आठवड्यांसाठी मान्य केलं होतं, ते याच कारणाने. जाळं एका रात्रीत मोठं होत नाही, पण त्यावरचा भार एका रात्रीत कमी करता येतो.

पैशाचाही हिशोब इथेच मांडतो. ६०० केबीपीएसचा एक तास म्हणजे सुमारे २७० एमबी. रोज चार तास धरले, तर एक जीबीच्या वर. घरात दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेला एकच फोन आणि शिकणारी दोन भावंडं असतील, तर दुपारच्या आत पॅक संपतो. आवाजाचा तास ३५-३६ एमबीत होतो. विडी कामगार आईच्या घरात हा फरक फार मोठा आहे.

खांबापर्यंत आलेलं फायबर

हवेतली वाट अरुंदच राहणार. म्हणून जिथे जमेल तिथे जमिनीखालून फायबर न्यावं. आज घरोघरी येणारं फायबर बहुतांशी जीपॉन पद्धतीचं असतं: एका धाग्यावर खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) आणि वर जाणारे १.२५ जीबीपीएस, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले, अंतर वीस किलोमीटरपर्यंत. ६४ घरांनी एकदम तास सुरू केले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला वर जायला १९ एमबीपीएस उरतात. एका मुलाच्या आवाजाला ०.०८ लागतात. म्हणजे फायबर पोहोचलं की वर जाण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. टॉवरलाही हे लागू आहे. मागे फायबर नसलेला ५जीचा टॉवर म्हणजे मोठा नळ आणि त्याला जोडलेली बारीक नळी.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते, आणि उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचं. धागा ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत येतो. शाळा तिथून तीनशे मीटरवर असते, वस्ती दोन किलोमीटरवर. मी जी कामं बघितली, त्यांत गाडी इथेच अडते. शेवटच्या तीनशे मीटरचे खांब कुणाचे, तार कुणी ओढायची, बिल कुणी भरायचं, उंदराने कुरतडली तर कुणाला फोन करायचा? हे कागदावर आधी ठरलेलं नसेल, तर अडीच जीबीपीएस कपाटातच राहतात.

दुसरं, फायबर तुटतं. रस्त्याचं काम निघालं, जेसीबी आला, की धागा गेला. म्हणून मुख्य वाटा माळेसारख्या न ठेवता गोल ठेवायच्या. सोलापूरहून मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा आणि परत सोलापूर असं कडं असेल, तर मोहोळजवळ तुटलं तरी पंढरपूरला मंगळवेढ्याच्या बाजूने जाता येतं. वाट बदलणं यंत्रच करतं, मुलांचा तास चालू राहतो. पण दोन्ही बाजूंचे धागे एकाच चरातून नेले असतील, तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. कागदावर कडं आणि जमिनीत एकच चर, हा प्रकार मी एका कामात प्रत्यक्ष बघितला आहे, आणि तो दिवस दहावीच्या सराव परीक्षेचा होता.

विजेचं थोडक्यात. घरातला फायबरचा डबा आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. लोडशेडिंग झालं की फायबर शाबूत असूनही नेट जातं. त्यावर राऊटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी दोन-तीन तास काढते. गावात आधी ती घ्यावी, मोठा प्लॅन नंतर. आणि उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा तो डबा पत्र्याला टेकवून ठेवू नये, भिंतीच्या सावलीत ठेवावा.

सेवा कशी आखावी

रस्ता झाला, आता त्यावरून धावणाऱ्या गाडीचं बघू. मघाशी रांगेचा विषय अर्धा सोडला होता. आवाज आणि चित्र एकाच रांगेत उभे करायचे नाहीत. प्रत्येक पाकिटावर एक छोटी खूण करता येते. आवाजाच्या पाकिटावर तातडीची खूण असेल, तर राऊटर त्याला आधी सोडतो. दवाखान्यात अत्यवस्थ रुग्णाला रांग लागू नसते, तसं. ज्या शाळेत किंवा कॉलेजात जाळं आपल्या हातात आहे, तिथे ही सोय अर्ध्या दिवसात होते आणि फरक लगेच ऐकू येतो. शिवाय ॲप असं हवं की नेट मंदावलं की आधी चित्राचा दर्जा उतरवावा, मग चित्र थांबवावं, फळा स्थिर ठेवावा, आणि आवाज शेवटच्या थेंबापर्यंत चालू ठेवावा. उलट क्रमाने वागणारं ॲप शाळेने घेऊ नये.

पण प्रत्येक गोष्ट जिवंत तासातच का हवी? आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. नेटवर्कच्या माणसाच्या नजरेने बघितलं, तर त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात एक मोठी युक्ती आहे. धडा आणि वेळ यांची गाठ त्यात सुटते. मुलाने रात्री अकराला, पहाटे पाचला, टॉवर मोकळा असेल तेव्हा धडा उतरवून घ्यावा. पाटाचं पाणी रात्री सोडावं, ठिबक सकाळसाठी राखून ठेवावं.

त्याला जोड म्हणजे शाळेतच छोटा साठा. ४८०पीचा दहा मिनिटांचा धडा साधारण ५० एमबीचा. चाळीस मुलांनी तो स्वतंत्र उतरवला, तर बाहेरून दोन जीबी येतात. शाळेतल्या एका साध्या संगणकावर तो एकदाच उतरवून ठेवला आणि मुलांनी शाळेच्या वायफायवरून घेतला, तर बाहेरून ५० एमबीच येतात. मोठ्या व्हिडिओ कंपन्या शहरोशहरी आपले साठे ठेवतात ते याच हिशोबाने. आवाज आणि काही स्थिर चित्रं एवढाच धडा केला, तर तोच दहा मिनिटांचा धडा थोड्याच एमबीत बसतो.

एकाने बोलायचं आणि लाखोंनी ऐकायचं असेल, तर प्रक्षेपणासारखं स्वस्त काही नाही, कारण ऐकणारे वाढले म्हणून भार वाढत नाही. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाचा उपग्रह वापरून साइट हा प्रयोग केला, शेजारच्या कर्नाटकासह सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण नेलं. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह आकाशात गेला. पुढे स्वयंप्रभा या सरकारी उपक्रमाच्या ३२ शैक्षणिक वाहिन्या घरच्या डिश अँटेनावर आल्या. ही सगळी चांगली कामं, पण त्यांत मूल बोलू शकत नाही. आणि त्या उपग्रहांवरून संवाद करायचा म्हटलं, तरी ते ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खाली यायला लहरीला पाव सेकंद लागतो, प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. म्हणून मला जोडणी अशी योग्य वाटते: धडा टीव्हीवरून किंवा साठ्यातून, आणि तासाची वेळ शंका विचारायला, पंधरा-वीस मुलांच्या छोट्या गटात, फक्त आवाजावर. आमच्या पूर्व भागात मुलांच्या घरी तेलुगू असते, अक्कलकोटकडे कन्नड. ती मुलं शंका घरच्या भाषेत मोकळी मांडतात. गट छोटा असला तर ती भाषा येणाऱ्या शिक्षकाला तिथे बसवता येतं.

मोजायचं कुठे उभं राहून?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली, ते चांगलंच झालं. पण शाळेसाठी जाळं तपासताना मी टॉवरखाली उभा राहून वेग बघत नाही. सगळ्यांत लांबचं घर निवडतो, तासाच्याच वेळी जातो, मूल जिथे बसतं तिथेच बसतो, आणि आधी वर जाणारा वेग बघतो. मग हरवणारी पाकिटं आणि जिटर.

यंत्र नसेल तर त्याहून सोपी तपासणी आहे आणि ती कोणत्याही शिक्षकाला करता येते. मुलाला सावकाश एक ते वीस मोजायला सांगायचं, पलीकडे सरांनी जे आकडे ऐकू आले तेवढेच कागदावर लिहायचे. गळालेले आकडे म्हणजे जाळ्याची भोकं.

मागच्या महिन्यात दक्षिण सोलापुरातल्या एका वस्तीवर, शाळेपासून दीड किलोमीटरवर, अशी तपासणी केली. शाळेच्या गच्चीवरून वस्तीकडे वायफायचा एक छोटा डिश लावला होता आणि मला वाटत होतं काम झालं. चौथीतल्या मुलीने अंगणात बसून कन्नडमध्ये मोजलं, मध्ये शेळी आली म्हणून ती थांबली, पुन्हा सुरुवात केली. पलीकडे गुरुजींच्या कागदावर पाच आकडे नव्हते. मध्ये एक चिंच होती, तिच्या फांद्या वाऱ्याने हलल्या की लहर अडत होती. फांदी तोडू नका असं तिच्या आज्जीने सांगितलं, ते आम्हाला पटलं. डिश दोन फूट डावीकडे सरकवून बघितला. आता अकरा आणि बारा एवढेच गळतात. रविवारी खांब चार फूट वर घेऊन पुन्हा मोजणार आहोत.